शेरा

आमच्या कंपनीला भोंगा नाही, धुराडं नाही.
नवी पेठेत जिन्याशेजारी दोन खोल्या,
एक लोखंडी कपाट, आणि कपाटात
दुसऱ्यांच्या कंपन्यांचे थोडे थोडे तुकडे.
त्यांचं पिकलं की आमचं पिकतं,
आमचं पिकलं की आम्ही वाटतो.
पहिल्या सभेत हत्तुरे वकील बोलले ते
माझ्या आधीच्या कारकुनाने इतिवृत्तात उतरवलंय,
शाई आता चहासारखी झालीय :
थोडं द्यावं, पण चुकवू नये.

चुकवलं नाही.
गिरणीला कुलूप लागलं त्या साली शेअरमागे चार आणे.
बाजार आपटला त्या साली राखीव निधीत हात घालून
दहा पैसे.
पाकिटावरचं तिकीट त्याहून महाग होतं,
सभेत एकाने उठून विचारलंही.
वकील म्हणाले, तिकीट खर्चात घालता येतं,
शब्द कुठल्या खात्यात घालू?

बरकतीच्या सालीही हात आखडताच.
भागधारक चिडायचे,
आणि शेंगाचटणीची पुडी पिशवीत टाकून
चिडतच घरी जायचे.
पुढच्या वर्षी पुन्हा यायचे.

माझ्याकडे न वटलेल्यांचं रजिस्टर.
गुर्रम मल्लेशम राजय्या, शेअर पंचवीस,
सहा वर्षं, सहा लाल फुल्या.
सातवी फुली पडली की पैसे सरकारी निधीत,
मागोमाग शेअरही.
मग अर्ज, शिक्के, हेलपाटे.
नियमाप्रमाणे पत्रं धाडली.
नियमात नव्हतं तरी एका रविवारी
स्कूटर काढून विडी घरकुलात गेलो.

कूर्चोंडी, म्हणाली. मग मराठीत, बसा.
मांडीवर सूप, सुपात पानं,
कात्री बोलता बोलता चालूच.
मल्लेशम?
सहा वर्षं झाली, भूदेवी म्हणाली,
जसं कुणी पाण्याची वेळ सांगावी.

पेटीतून, चादरीच्या घडीखालून,
सुतळीत बांधलेली सहा पाकिटं. एकही फोडलेलं नाही.
मी समजावलं : बँकेतलं खातं दोघांचं आहे,
भरलंत तर जमा होईल.
किती?
सालाचे सदतीस रुपये पन्नास.
हसली. हजार विड्यांना किती मिळतात ते मला माहीत होतं,
म्हणून मी हसलो नाही.

रेशनकार्डातनं काढलं त्यांना, म्हणाली.
मतदानाच्या यादीतनं काढलं.
लाइटबिल पोराच्या नावावर.
पोस्टमन तेवढा सालातनं एकदा
दारात उभं राहून हाक मारतो,
गुर्रम मल्लेशम!
शेजारीण म्हणते, कागद फोड की.
फोडून काय बघू? नाव तर वरच आहे.
तुम्ही अजून श्री लिहिता.

माझ्या पिशवीत वारसनोंदीचा फॉर्म होता,
मृत्यूचा दाखला जोडावा, दोन साक्षीदार, सही इथे.
तो पिशवीतच राहिला.
उन्हाने पत्रा तडतडत होता.
मी म्हणालो, पाच चेक शिळे झालेत, राहू द्यात.
सहावा ताजा आहे. हा एक भरा.
मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.
आणि मग?
मग सहा वर्षं पाकिटं येत राहतील.
त्यानंतर पुन्हा एक भरायचा.

थांबली तेव्हा कात्री पहिल्यांदा थांबली.
मग त्याच कात्रीने, पान कापतात तसं,
शीर धरून, कडेकडेने
पाकीट उघडलं. नावाला धक्का नाही.
चेक माझ्या हातात दिला,
पाकीट परत सुतळीत.

यंदाच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर छापलंय :
सलग एकेचाळीस वर्षे लाभांश.
सभेत टाळ्याही पडल्या.
रजिस्टरात गुर्रमसमोर लाल फुली नाही,
शेऱ्याच्या रकान्यात माझं अक्षर आहे.
धोरणात बसतं का, मी कुणाला विचारलं नाही :
समक्ष भेट दिली.
भागधारक दिलेल्या पत्त्यावर राहतात.